पाण्यातून वाचलेलं बारीक अक्षर

प्रिय बाबा,

आज तुमचा पहिला स्मृतिदिन. सकाळी घरी वंदना झाली, खीर झाली, आणि मग आईने चक्क तुमच्या प्लँटवर पाय ठेवला! हो, आपल्याच आईने! हे तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही, म्हणून लिहायला बसलेय.

तीस वर्षं तुम्ही अख्ख्या शहराचं मैलापाणी स्वच्छ करून नदीत सोडलंत, आणि तीस वर्षं आईने तुम्हाला आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "तुमचं ते स्वच्छ पाणी तुम्हालाच लखलाभ," म्हणायची. मी तरी काय कमी? शाळेत सांगायचे, माझे बाबा पाणीखात्यात आहेत. तुम्हाला कळलं तेव्हा नुसते हसलात. रागवायला हवं होतंत, बाबा.

मी त्याच प्लँटवर लागले, तेव्हा तुम्ही मला आधी तुमची पेपरची तऱ्हा शिकवलीत. नदीकडे निघालेलं पाणी काचेच्या भांड्यात घ्यायचं, भांडं आजच्या पेपरवर ठेवायचं आणि वरून वाचायचं. मी मोठा मथळा वाचून खूश झाले, तर म्हणालात, "मथळे काय, गटारातूनही वाचता येतात! बारीक अक्षर वाच." बारीक अक्षर म्हणजे स्मृतिदिनाच्या चौकटी. नवी यंत्रं आली, रिपोर्ट आले, पण तुमचा पेपर काही सुटला नाही.

आता माझी फजिती ऐका. हसायचं नाही हं! गेल्या महिन्यात मी इन्चार्ज झाले. नव्याचे नऊ दिवस! म्हटलं, बाबांच्या टाक्या लख्ख करून टाकू. हवेच्या टाकीतला तपकिरी गाळ भसाभसा उपसून काढला. आठवड्यात पाणी ताकासारखं गढूळ! मथळासुद्धा दिसेना. आपलं पाणी नदीला मिळतं तिथे तुमचे लाडके गप्पी मासे असायचे, तेही पसार झाले. तुमचा स्मृतिदिन तोंडावर आलेला, आणि तुमची नदी मीच घाण करत होते! घरी येऊन ढसाढसा रडले.

आई मेथी निवडत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तो गाळ म्हणजे यांची ती घाण खाणारी जंतूंची मंडळीच ना? मग अगं बये, विरजणच काढून टाकलंस की! आता दही लागणार कशाने?"

मी म्हटलं, "तुला गं कसं माहीत?"

"तीस वर्षं जेवताना दुसरं काय ऐकलंय मी? जा, शेजारणीकडून आण थोडं."

आणलं! दुसऱ्या प्लँटवाल्यांना फोन केला आणि वाटीभर नाही, टँकर भरभरून गाळ आणला. इकडचा उपसा बंद ठेवला. रोज भांडं, रोज पेपर. आधी मथळा दिसला, मग बातम्या. बारीक अक्षर मात्र कालपर्यंत अंधुकच होतं.

आज आई म्हणाली, "चल, मीही येते." नाकाला पदर लावून, पाऊल जपून टाकत आली. मी भांडं भरलं. आज दिसलं नसतं तर तुम्हाला काय तोंड दाखवणार होते? आईने पिशवीतून पेपर काढला, घडी घालून टेबलावर ठेवला, एका चौकटीवर भांडं ठेवलं आणि चष्मा लावून मोठ्याने वाचायला लागली.

तुमचं नाव होतं, बाबा. पूर्ण नाव, खालची तारीख, शोकाकुल म्हणून आम्हा दोघींची नावं, सगळं वाचलं तिने. एकदाही अडली नाही.

आणि मग खुदकन हसली! "अहो, इथे फोटोतही चष्मा वाकडाच! शंभरदा सांगितलं होतं, नीट करून घ्या म्हणून."

नाकावरचा पदर कधी सुटला, तिलाही कळलं नसावं. नंतर ती नदीच्या काठापर्यंत आली. दोन-तीन गप्पी परतलेत! "एवढ्याशा माशांसाठी एवढा जीव टाकायचे होय?" म्हणाली, पण तिथून हलेना. मला इतका आनंद झाला ना बाबा, की मी तिथेच टाळ्या पिटल्या.

बाबा, शब्द देते. रोज सकाळी बारीक अक्षर वाचल्याशिवाय चहाला तोंड लावणार नाही. आणि बाबा काय करायचे असं कुणी विचारलं, तर ताठ मानेने सांगेन, गावाचं मैलापाणी धुऊन नदीला द्यायचे.

तुमचीच,
विरजण सांडणारी सुजाता