चांदीच्या पाण्यातला काळा गाळ

कोल्हार, बुधवार

सुप्याचे आमचे मेहुणे ज्ञानेश्वरराव यांस भागवतचा रामराम.

तुमची तब्येत, कंपनीतली पाळी, मुलांचा अभ्यास सगळं बरं असेल असं धरून चालतो. तुमची ताई गोजरबाई ठणठणीत आहे. मी नाही. (ताप वगैरे काही नाही, काळजी नसावी.)

कारण शेजारचे आबासाहेब. मोबाईलवर बघून ते घरीच चांदीचं पाणी करतात. पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या आणि बॅटरी जोडायची. त्यांनी एक बाटली ताईला टाचांच्या भेगा धुवायला दिली. (डॉक्टरांनी पिऊ नका म्हणून बजावलंय, म्हणून फक्त पायांना.) तेव्हापासून आमच्या घरी दुसरा विषय नाही. सेहेचाळीस वर्षं संसार झाला, माझ्या हातच्या कशालाही ती छान म्हणाली नाही, आणि यांचं पाणी छान!

म्हणून मीही तारा आणल्या. फवारणीच्या पंपाची बॅटरी लावली, बोअरचं पाणी घेतलं. थोड्याच वेळात ते ताकासारखं पांढरं झालं. जोर कमी पडला असेल असं वाटून आणखी तासभर चालू ठेवलं, तर खाली काळा गाळ बसला. धोतराच्या फडक्यातून गाळलं, तर गाळ होताच, वर धागेही आले. शेवटी कुंपणापाशी आबासाहेबांनीच हटकलं, "भागवतराव, लई घाई तुमची! तारंवर काळं धरलं की पुसायचं. अन् बोअरचं न्हाई, बॅटरीत घालायचं पाणी घ्यायचं." माणूस बरोबर बोलला, हेच मला जास्त लागलं. पाण्याचं मी ऐकलं नाही. पुसण्याचं मात्र गुपचूप ताईला सांगितलं. तिने देवाच्या उपकरणांबरोबर ताराही रांगोळीने लख्ख घासल्या आणि न धुता मला दिल्या. आता पाण्यात काळ्याबरोबर पांढरे कणही तरंगतात.

तिने दोन्ही बाटल्या उजेडात धरल्या आणि म्हणाली, "आबासाहेबांच्या बाटलीतून पल्याडच्या कॅलेंडरवरची तारीख वाचता येती. तुमच्या बाटलीत नुसती आमुशा दिसती!" त्या दिवशी मी जेवलो नाही. (म्हणजे दुपारी. संध्याकाळी पिठलं होतं.)

थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा,
भागवत

ता. क. रविवारी येताना बॅटरीच्या पाण्याचे दोन कॅन आणा. वरचा कागद सोलून आणा. ताईने विचारलं तर गोमूत्र म्हणा.

ता. क. दुसरा. आज ती अंगणात गहू निवडत बसली होती, तेव्हा टाचा नीट पाहिल्या. आबासाहेबांच्या पाण्याने भेगा तसूभरही भरलेल्या नाहीत. मला इतका आनंद झाला की लिहायची लाज वाटते. मग दिसलं, एका भेगेतून रक्त येतंय. कॅन राहू द्या. भेगांचं चांगलं मलम आणा. ते मी माझ्या हाताने लावीन. तेवढं काही आबासाहेबांना करता येणार नाही.