‘झिंगलेला’ हा शब्द कुणाचा

सोमवार, ४ मार्च

चार लाख! सकाळी नऊला टाकलेली बातमी, दुपारी तीनपर्यंत चार लाख लोकांनी उघडली. संपादकसाहेब खुर्चीतून उठले, माझ्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “शिका जरा मिरचीकडून.” आठ वर्षं झाली मला या साइटवर. मिरची हे नाव पहिल्याच वर्षी पडलं, माझ्या मथळ्यांमुळे. आज पहिल्यांदा ते पदवीसारखं वाटलं.

‘पुलाच्या मधोमध बस, आत एकतीस मुलं, आणि ड्रायव्हर झिंगलेला.’

अकरा सेकंदांचा व्हिडिओ. मागच्या गाडीतून कुणीतरी काढलेला. शाळेची बस थांबलेली, ड्रायव्हर उतरतो, झोक जातो, कठड्याला धरतो आणि डोकं हातात धरून खाली बसतो. बस्स, एवढंच. ड्रायव्हरचं नाव, फोटो, सगळं कुठूनतरी आलं. मी विचारलं होतं, पोलिसांना फोन केलाय का कुणी? डेस्कवरून उत्तर आलं, “बाकीच्या साइट टाकतायत, आपण मागे राहू.” मी ‘झिंगलेला’च्या पुढे प्रश्नचिन्ह ठेवलं होतं. साहेबांनी ते काढलं. “प्रश्नचिन्हाने मथळा मवाळ होतो.” खरं तर मलाही पटलं.

मंगळवार, ५ मार्च

शाळेने ड्रायव्हरला काढलं. आम्ही लगेच टाकलं – ‘आमच्या बातमीचा दणका’. दोन दिवस सलग पहिला नंबर. ऑफिसात केक कापला. घरी येताना स्वतःसाठी फुलं घेतली.

बुधवार, ६ मार्च

सकाळी चहा पिताना आईला व्हिडिओ दाखवला. कौतुकाने दाखवला, उगाच का खोटं लिहू. आईने चष्मा पुसला आणि पुन्हा लाव म्हणाली. मग तिसऱ्यांदा. चाळीस वर्षं नर्स होती ती. रुग्ण बघते तशी बघत होती.

“अगं, हा प्यायलेला नाहीये.”

“कशावरून?”

“घाम बघ त्याचा. मानेपासून शर्ट भिजलाय, आणि बाकीचे लोक स्वेटर घालून उभे आहेत. हात बघ कसे थरथरतायत. साखर उतरलीय त्याची. तुम्ही विचारलं नाहीत कुणाला?”

मी म्हटलं, आई, अकरा सेकंदांवरून तुला कसं कळणार? ती म्हणाली, “तुम्हाला कळलं की अकरा सेकंदांवरून.”

आणि कप उचलून आत गेली. दिवसभर ते वाक्य कानात घोळतंय.

गुरुवार, ७ मार्च

ऑफिसात एक जुना फोन आहे, प्रिंटरच्या मागे. तो वाजतो, वाजून थांबतो, कुणी बघतही नाही. आज मी उचलला. का, सांगता येणार नाही.

पलीकडे एक बाई. आवाज अगदी शांत.

“उचललात! परवापासून मी बावीस वेळा केलाय हा फोन.”

ड्रायव्हरची बायको. मला वाटलं आता शिव्या मिळणार. तिने एकही शब्द वाकडा काढला नाही. म्हणाली, त्या दिवशी पोलिसांनीच त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे रक्त तपासलं, दारूचा थेंब नाही. साखर एकेचाळीस होती. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर शुद्ध गेली असती. सगळे कागद आहेत. शाळेला दाखवले, शाळा म्हणते, पालक तुमची बातमी दाखवतात.

“मुलगी कॉलेजला जात नाहीये, ताई. तिच्या वर्गातल्या मुलांनी तुमचा मथळा पाठ केलाय.”

मी म्हटलं, मी बघते. ती म्हणाली, “तुम्ही एक फोन केला असता ना, तर आम्ही तेव्हाच सांगितलं असतं. आमचा नंबर बसवर मागे लिहिलेला असतो.”

व्हिडिओ पुन्हा लावला. बसच्या मागे नंबर आहे. मोठ्या आकड्यांत. अकराही सेकंद दिसतो.

शुक्रवार, ८ मार्च

साहेबांना सांगितलं. ते जेवत होते. “मग बातमीच्या खाली दोन ओळी टाक. बारीक अक्षरात. ‘सुधारित’ म्हण आणि विषय संपव.”

म्हटलं, लोकांनी मथळा वाचलाय साहेब, खालच्या दोन ओळी कोण वाचणार?

“तेच तर सांगतोय. माफी वाचायला येतं कोण?”

जागेवर आले. त्यानंतर तीन मथळे लिहिले. हात सवयीने चालतात. लाज वाटली.

शनिवार, ९ मार्च

सुट्टी. त्यांच्या घरी गेले. आईला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, “जाऊन ये. आणि बोलू नकोस फार, ऐक.”

दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीचा पडदा भर दुपारी ओढलेला. समोरच्या इमारतीतून लोक बघतात म्हणून. ड्रायव्हर पन्नाशीचा, हडकुळा माणूस. इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता, जणू कामाला निघायचंय. मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेवर बसला. मुलगी आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

त्याने सगळं क्रमाने सांगितलं. औषध नवीन होतं. पुलाच्या आधी हात ओले व्हायला लागले. पुलावर चढल्यावर डोळ्यांपुढचा रस्ता अरुंद झाला. पुलावर थांबायला जागा नाही, पण पलीकडपर्यंत पोचणार नाही हे कळलं होतं. डावीकडे घेतली, दिवे लावले, ब्रेक ओढला, किल्ली काढली. मुलांबरोबर ज्या मावशी असतात त्यांच्या हातात दिली. मग खाली उतरला.

“खाली का उतरलात?”

“आत पडलो असतो तर पोरं घाबरली असती.”

मग म्हणाला, “ताई, एक विचारू? ‘झिंगलेला’ हा शब्द कुणाचा?”

मला वाटलं होतं, डेस्कचा म्हणेन, साहेबांचा म्हणेन.

“माझा.”

त्याची बायको दारात उभी होती, ती वळून आत गेली. त्याने मान डोलावली. रागावला असता तर बरं झालं असतं.

“चांगला जमलाय,” तो म्हणाला. “म्हणून तर सगळ्यांच्या तोंडी बसला.”



रविवार, १० मार्च

बसमधल्या मावशींना भेटले. ठसकेबाज बाई, बोलायला लागली की थांबत नाही. म्हणाली, शाळेने मला एका शब्दाने विचारलं नाही, तुम्ही पहिल्या. मी वही काढली. कित्येक वर्षांनी वहीत लिहून घेतलं मी.

“किल्ली माझ्या मुठीत कोंबली आणि म्हणतो कसा, मावशी, दार बंद ठेवा, आणि मी मागितली तरी किल्ली मला देऊ नका. बोलता येईना धड, पण हे दोनदा सांगितलं. मी मागितली तरी देऊ नका.”

मी लिहिता लिहिता थांबले. हा मथळा होता. सोमवारपासून पुलावर बसून होता आणि आम्ही त्याच्या अंगावरून गाडी नेली.

दवाखान्याच्या डॉक्टरांशी बोलले, ड्रायव्हरने लेखी परवानगी दिली होती. पोलीस चौकीवर विचारलं. व्हिडिओ काढणाऱ्या माणसाला शोधलं – त्यालाही कुणी फोन केला नव्हता. तो म्हणाला, “मी तर मदतीसाठी टाकला होता हो.” आज दिवसभरात चौदा फोन. आठ वर्षांत मिळून केले नसतील. थकले आहे. बरं वाटतंय.

सोमवार, ११ मार्च

लिहिलं. आईने दोनदा वाचलं आणि ‘धैर्यवान’ हा शब्द काढायला लावला. “काय केलं ते सांगितलंयस ना? मग पुरे.”

मंगळवार, १२ मार्च

आजचा दिवस नीट लिहून ठेवायचाय.

साडेआठला साहेबांपुढे मजकूर ठेवला. मथळा – ‘ड्रायव्हर प्यायलेला नव्हता. तो मथळा मी लिहिला होता.’ खाली माझं पूर्ण नाव. अट सांगितली: सगळ्यात वर, त्याच आकाराच्या अक्षरात, आणि ती बातमी दिवसभर वर ठेवली होती तसंच दिवसभर. जुनी बातमी काढायची.

“वेड लागलंय तुला? साइटची अब्रू जाईल.”

“त्याची गेली, तेव्हा आपण केक कापला होता, साहेब.”

“नाही जमणार. जा, कामाला लाग.”

मी जागेवर जाऊन बसले आणि हात मांडीवर ठेवले. एकही मथळा लिहिला नाही. बातम्या येत होत्या, माझ्या पडद्यावर साचत होत्या. नऊ वाजले, सव्वानऊ झाले. साहेब दोनदा केबिनमधून डोकावले. पाठीमागे खेळाच्या बातम्या करणारा बसतो, तोंडातून अक्षर न काढणारा माणूस. तो उठला आणि म्हणाला, “माझ्या बातमीलाही आज मथळा नाही मिळणार.” आणि चहा घ्यायला निघून गेला. मग सिनेमावाली. तिने कानातले हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

दहाला साहेब बाहेर आले. साइट कालचीच दिसत होती, मालकांचा फोन येऊन गेला होता.

“दोन तास. दोन तास वर ठेवतो.”

“दिवसभर.”

“अर्धा दिवस.”

मी पुन्हा तेच म्हटलं. कुठून आला एवढा धीर, देव जाणे.

“उद्या सकाळी नऊला,” ते म्हणाले. “आणि बुडालो तर तुझ्यामुळे.”

बुधवार, १३ मार्च

नऊला टाकली. साडेनऊपर्यंत मी पडद्याकडे बघितलंच नाही. दहाला सिनेमावालीने माझी खुर्चीच वळवली. दोन लाख. बाराला पाच. मावशींचं ते वाक्य लोक एकमेकांना पाठवत होते – मी मागितली तरी देऊ नका. ज्यांनी आठवड्यापूर्वी ड्रायव्हरला शिव्या घातल्या, तेच खाली लिहीत होते, आम्हीही विचार न करता पुढे पाठवली, चुकलो. एका पालकाने लिहिलं, माझी मुलगी त्या बसमध्ये होती, मी शाळेत जातोय.

संध्याकाळी सात लाख. जुन्या बातमीपेक्षा जास्त. जुनी बातमी तर राहिलीच नाही, तिथे आता माफी उघडते.

साहेब जाताना माझ्या टेबलाला टेकले. “माफी वाचायला लोक येतात म्हणायचं,” म्हणाले. चेहरा वाचता आला नाही.

आईने जेवताना माझ्या ताटात तिच्या वाटणीचंही वाढलं. ही तिची पाठ थोपटण्याची रीत.

शुक्रवार, १५ मार्च

शाळेने परत बोलावलं! चाळीस पालक मुख्याध्यापिकेच्या खोलीबाहेर उभे राहिले होते म्हणे. डॉक्टरांनी औषध बदललंय, त्यामुळे तूर्त गाडी चालवायची नाही. तोवर शाळेच्या सगळ्या बसची देखरेख त्याच्याकडे. त्याने स्वतः फोन केला. आभार वगैरे मानले नाहीत, आणि मानायचे तरी कशाबद्दल. म्हणाला, “पडदे उघडलेत, ताई. मुलगी आज कॉलेजला गेली.”

मग म्हणाला, “तुम्ही नाव का घातलंत? कुणी मागितलं नव्हतं.”

मी म्हटलं, तुमचंही कुणी विचारून घातलं नव्हतं.

तो हसला. पहिल्यांदाच. ऑफिसच्या जिन्यात उभी होते, तिथेच पायरीवर बसले आणि पोटभर रडले. आनंदाने.

सोमवार, १८ मार्च

दहाला बैठक. मालक स्वतः आले. भिंतीवर माझ्या माफीचे आकडे. “लोकांना माफी आवडते,” ते म्हणाले. दर शुक्रवारी एक माफी, सदर माझ्या नावाने, माझा फोटो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी विचारलं, आठवडाभरात चूकच झाली नाही तर?

साहेब म्हणाले, “त्याची काळजी तू कशाला करतेस? तेवढी करू की आपण.”

सगळे हसले. मीही हसले, सवयीने. मग खुर्ची मागे सरकवून उठले. दारापर्यंत पोचले तेव्हा कळलं, मी परत येऊन बसणार नाहीये.