मायक्रोस्कोपला हात लावायचं कलम

१२ नोव्हें.
लासुर्ण्यापाशी उसाच्या ट्रॉल्या आडव्या. शाळेत उशीर. मुख्याध्यापक सरांनी नुसतं घड्याळाकडं बघितलं. मग मीच विषय काढला. सातवीला पेशी शिकवायच्यात, कपाटातला मायक्रोस्कोप काढू या.
"डेडस्टॉकच्या वहीत नोंदलेली वस्तू हाय बाई. फुटली तर मी जबाबदार. फळ्यावर चित्र काढा की."
पेटीवर कंपनीची चिकटपट्टी अजून तशीच. दिवसभर चिडचिड.

१५ नोव्हें.
शाळांच्या विज्ञानाचे निकष बदलायचं विधेयक आलंय. मसुदा मोबाइलवर वाचला. सगळीकडे 'शिक्षकांनी प्रयोग करून दाखवावा'. मुलांनी करावा, असं एकदाही नाही. आमदारांची समिती इंदापुरात शिक्षकांचं म्हणणं ऐकणार आहे. मी नाव दिलं. दोनच गोष्टी मागायच्या: प्रयोग मुलांच्या हातानं व्हावा, त्यात काही फुटलं तर शिक्षकाकडून वसुली नको. सर म्हणाले, "दुसरं जरा जोरात मागा."
मायक्रोस्कोप न्यायची परवानगी दिली. मात्र स्वतः बरोबर येणार.

२० नोव्हें., इंदापूर
एसटीत पेटी सरांच्या मांडीवर. खड्डा आला की दोन्ही हातांनी धरायचे, दवाखान्यातून बाळ घेऊन घरी निघाल्यासारखे. मला हसू आवरेना.
सभागृहात उसाच्या पानाचा तुकडा काचेवर ठेवला. समितीतले एक आमदार उठून आले. बारामतीकडचे, घरचा ऊस. मी सांगायच्या आतच चाक फिरवायला लागले, तेही उलटं. नळी खाली गेली. कर्र. काच तडकली.
सरांचा चेहरा पांढराफटक. मी दुसरी काच ठेवली, आमदारांचा हात धरूनच चाक फिरवून नळी वर घेतली. मग त्यांना दिसलं. पानाच्या कडेला दात. एकसारखे, एका बाजूला कललेले, काचेसारखे लखलखीत.
बराच वेळ डोळा काढेनात. "आरं, करवतच हाय की ही. जल्मभर ह्यानं हात कापलं आमचं." मग सरांकडे वळून म्हणाले, "काच मी फोडली. आता वसुली कुणाकडून करता?"
सभागृह हसलं. सर नाही हसले.
मीही बघितलं नंतर. पुस्तकात कितीदा वाचलेलं, पण ते दात बघून अंगावर काटा आला. रोज याच पानांना घासत घरी येते मी.

२१ नोव्हें.
सासऱ्यांना पानाचं सांगितलं. आबांनी तळवे उलटसुलट करून पाहिले. "दात हायेत व्हय? मला वाटायचं माजीच कातडी पातळ." जेवताना मधेच हात थांबवून परत बघत होते.

९ डिसें.
आमदारांचा नागपूरहून फोन. अधिवेशन चालू आहे. "ताई, मुलांच्या हातानं, हे घातलंय. पण त्याच्यापुढं 'शक्यतो' बसलंय. वसुलीचं अजून अडकलंय. मी न्हाय सोडत." शक्यतो. म्हणजे कपाट बंदच. फोन ठेवला आणि एकटीच रडले, खरं तर रागानं.

११ डिसें.
आज आक्रीत. मधल्या सुट्टीत सरांनी स्वतः पेटी आणून टेबलावर ठेवली. इंदापूरनंतर झोप नीट लागत नाही म्हणाले. फुटलेली काच आठवते, पण पानाचे दात जास्त आठवतात. तरी मुलांना दरडावलं, "हात कुणी लावायचा न्हाय. नुसतं बघायचं."
शाळेमागच्या कालव्याच्या चारीतलं पाणी काचेवर ठेवलं होतं. सातवीतल्या आरतीचा नंबर आला. डोळा लावला आणि हात सरळ चाकावर. सरांचा हात तिच्या मनगटापर्यंत गेला.
"थांबा सर, आत्ता दिसाय लागलंय. हलतंय. जितं हाय ते."
सर थांबले. ती फिरवत राहिली. एका थेंबात एवढं चाललेलं असतं, आणि आपण रोज तो ओलांडून जातो. ती उठली तर डोळ्यात पाणी. काय झालं विचारलं. म्हणाली, काय न्हाय बाई.
विधेयक उद्या मतदानाला येईल म्हणतात. वसुलीचं कलम आत आहे का, आमदारांनाही ठाऊक नाही. संध्याकाळी शेजारच्या गावच्या मॅडमचा फोन आला. त्यांच्या शाळेतही एक पेटी आहे. विचारत होत्या, उघडू का? मी म्हटलं, उघडा. आणि मग सांगावं लागलं की फुटलं तर काय होईल, ते मला अजून माहीत नाही.