सोवळ्यातला वजीर

बाबा,

आजचा हिशेब लिहून झाला. वहीच्या शेवटी दोन पानं कोरी राहिली आहेत, ती वाया जाऊ नयेत म्हणून तुम्हाला लिहिते. श्राद्धाला तुमच्या आवडीची दोडक्याची भाजी न चुकता करते, कावळ्यालाही वेळेवर वाढते. पण आज जे सांगायचं आहे ते पानावर वाढता येण्यासारखं नाही. मला मत्सर वाटतो आहे. वलगावहून फुलं घेऊन येणाऱ्या त्या पोरीचा. या वयात, रोज हरिपाठ म्हणून, माळ ओढून, तरीही.

आपलं अमरावतीचं घर डोळ्यांपुढे आणते. सकाळची वेळ आहे. आंघोळ करून, सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून तुम्ही ओसरीच्या दारात पाटावर बसला आहात, नैवेद्य व्हायची वाट पाहत. आई फुलं निवडते आहे. मी ओल्या केसांनी, सोवळ्यात, चुलीपुढे आहे. आणि खाली पायरीवर, आपली परडी रिकामी होईपर्यंत, ती बसली आहे. माझ्याच वयाची. तिच्यापुढे बुद्धिबळाचा पट. सोवळ्यात असल्यामुळे तुम्ही मोहऱ्यांना हात लावायचा नाही, म्हणून तुम्ही नुसतं बोलायचं, "माझा उंट तिरपा दोन घरं," आणि तुमचेही मोहरे तीच हलवायची. मला त्या पटाला शिवायची सोय नव्हती, कारण मी सोवळ्यात. तिला होती, कारण तिला आपलं सोवळं लागूच नव्हतं. ज्या सोवळ्याचा मैत्रिणींपुढे मला केवढा तोरा होता, त्यानंच मला आत बसवून ठेवलं होतं.

बरं, खेळ तरी सरळ असावा. तुम्ही दोघं नियमच बदलत बसायचे. ती म्हणायची, "महाराज, हत्तीनं एवढी मारामारी केली, त्याले पानी नको का पाजाले? एक चाल बसू द्या त्याले." तुम्ही हसून म्हणायचे, "मंजूर. हत्ती बसला." कधी विचारायची, "प्यादं मागं कावून नाही येत, महाराज?" "अगं, घरी त्याची वाट पाहणारं कोणी नाही." "मंग त्याचं लगन लावून द्या ना!" आणि ओसरीवर हशा. संकल्पातला एक शब्द चुकला तर यजमानाला सगळा पुन्हा म्हणायला लावणारे तुम्ही, मुहूर्त पळभर हलू न देणारे तुम्ही, त्या पोरीच्या एका शब्दासरशी राजा-वजिरांचे कायदे मोडून टाकत होता.

मलाही एक नियम सुचला होता. दोन दिवस मनात घोळवला आणि मग चुलीपुढूनच ओरडले, "बाबा, वजिराला घोड्याची पण चाल द्या की!" तुम्ही मान न वळवता म्हणालात, "तू भाजीकडे बघ. करपते आहे." भाजी करपत नव्हती, बाबा. दोडक्याचीच होती, नुकतंच पाणी घातलं होतं तिच्यात. ती पायरीवरची पोर तोंडाला पदर लावून हसली. मी तिला ते हसणं अजून माफ केलेलं नाही. त्या दिवसापासून मी हात उरकता केला. नैवेद्य झाला की डाव मोडायचा, एवढं मला कळलं होतं. पुढे सासरी माझ्या स्वयंपाकाच्या झपाट्याचं फार कौतुक झालं.

मॅट्रिक झाले आणि लग्न होऊन इथे अकोल्याला, जठारपेठेत आले. माहेरी यायची तेव्हा तुम्ही विचारायचे, "गाडीत जागा मिळाली का?" निघताना म्हणायचे, "सांभाळून जा." मधल्या दिवसांत आपण दोघं काय बोललो ते आठवायला बसले तर हाती काही लागत नाही. आईच बोलायची, तीही तुमच्याविषयी. "यांना आताशा आंघोळीचं वेड लागलंय बघ. केलेली आंघोळ पुन्हा करतात, भर थंडीत. खोकला होतो, पण ऐकेल तो कोण!" मी म्हणायची, वय वाढतं तसं सोवळंही वाढतं, आई.

या नवरात्रात देवीच्या दर्शनाला अमरावतीला गेले होते. देवळाबाहेर हाराचा भाव करत होते, तर हारवाली माझ्या तोंडाकडे पाहतच राहिली.

"ताई, तुमी महाराजाच्या ना? अकोल्याले देल्लेल्या?"

तीच. केस पांढरे झालेले, पुढचे दात गेलेले, हसणं मात्र तेच. मला स्टुलावर बसवलं, चहा मागवला. उपास आहे म्हटलं तर म्हणते, "चहाले कायचा उपास!" आणि मग हार ओवता ओवता, सहज सांगावं तसं सांगायला लागली.

"तुमचं लगन झालं ना ताई, मांडव निघाला नव्हता अजून, महाराजानं नवा नियम काहाडला. मेलेला वजीर एकखेप परत येते. आपल्या घरात बसते. कोनाले मारत नाही, त्याले कोनी मारत नाही. अन् पुढच्या चालीले सोताहून डब्यात जाते. मी म्हनलं, महाराज, ह्याच्यात फायदा काय? चाल वाया जाते ना. तं म्हने, जाऊ दे वाया. तेवढा वेळ पट भरल्यासारखा दिसते."

ती हसली. "हारत होते ना त्याच्यापायी! मी लगन होऊन गावातच राहिली, फुलं आनाचं काम माह्याकडंच आलं, तवाही रोज तोच नियम. अन् सांगू का ताई, बाकीचे मोहरे मीच हालवत होती. पन तो वजीर ठेवाचा असला की मले हात लावू देत नव्हते. सोता उचलून ठेवत. मुकट्यातच! मंग जात पुन्हा विहिरीवर आंघोळीले."

मी भाव करायचा विसरले. तिनं सांगितले तेवढे दिले आणि उठले.

परतताना बसमध्ये मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. पण तो बडनेऱ्यापर्यंतच टिकला. पुढे वाटायला लागलं, तुम्ही काढलेली ती आठवण माझी होती ना? मग ती रोज सकाळी पायरीवरच्या त्या बाईला का मिळत राहिली? मी साक्षात दारात उभी असायची, पिशवी हातात घेऊन, आणि मला काय मिळालं? गाडीत जागा. लाकडाच्या वजिरासाठी तुम्ही सोवळं मोडलंत, थंडीत अंगावर पाणी घेतलंत, आणि मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीत. तिनं ते सगळं डोळ्यांनी पाहिलं. मी फक्त आईची कुरकुर ऐकली. देवीपुढे हात जोडले तेव्हाही माझ्या मनात तीच बाई होती, हे देवीला कळलं असेलच.

नात मोबाइलवर बुद्धिबळ खेळते. तिला तुमचा नियम सांगितला तर म्हणाली, "आजी, मोबाइल असलं काही ऐकत नाही." म्हणून मग पुठ्ठ्यावर घरं आखली, मोहऱ्यांना जुनी बटणं घेतली. पट विकत आणायचं माझ्या जिवावर येतं. वजिराला मात्र पूजेतली सुपारी ठेवली आहे. माझा वजीर मेला की मी सुपारी पुन्हा तिच्या घरात ठेवते, एक चाल घालवते आणि हरते. नात चिडते, "आजी, तू मुद्दाम हरतेस!" तेवढा वेळ पट खरंच भरल्यासारखा दिसतो, बाबा.

पान संपत आलं. हे कुठे पाठवायचं नाही, पानाच्या मागच्या बाजूला उद्या दुधाचा हिशेब येईल. एकच सांगायचं राहिलं. काल नातीनं विचारलं, हा नियम कोणी काढला? म्हटलं, माझ्या बाबांनी. कोणासाठी? माझ्यासाठी. इथवर सगळं खरं. मग ती म्हणाली, "म्हणजे तू अन् ते रोज खेळायचे?"

मी सुपारी हातात घेतली आणि म्हटलं, "हो तर. ते सोवळ्यात असायचे ना, म्हणून त्यांचे मोहरेसुद्धा मीच हलवायची."