दारावरची लूनची जोडी आणि ताडपत्री

तीर्थरूप दाजींना,

ओन्नीचा साष्टांग नमस्कार. (गुडघा अजून वाकत नाही, तेव्हा आठांपैकी जमतील तेवढ्या अंगांनी केलेला समजावा, भावना पूर्ण आहे.) तुमचं डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं हे कळून जिवात जीव आला. फेब्रुवारीतलं तीन पानी पत्र पोचलं. अक्षर जरा वाकडंतिकडं झालंय आणि प्रत्येक ओळ चढ चढल्यासारखी वर गेलीय, पण डोळ्याला पट्टी असताना माणसाने इतकं लिहावं हेच खूप झालं. ॲरिझोनात म्हणे तुम्ही अर्ध्या बाहीच्या शर्टात बाहेर बसून संत्री सोलता. इथे आम्ही परवाच पोस्टाची पेटी बर्फातून खणून काढली. लेम्पी बरी आहे. माझ्याशी बोलत नाही, पण बरी आहे. ताईचा हात कसा आहे? कापणं कमी झालं का? तिला माझा नमस्कार सांगा, आणि नमस्कारापलीकडे काहीही सांगू नका. पुढचा मजकूर तुम्ही एकट्याने वाचायचा आहे, शक्यतो बाथरूमला आतून कडी लावून.

विषय तुमच्या ट्रेलरचा आहे. घाबरू नका. (हे लिहिल्यावर लक्षात आलं की इथवर तुम्ही घाबरला नव्हता.) ट्रेलर जागच्या जागी आहे. चाकं आहेत, छप्पर आहे, आतली शेगडी, गाद्या, ताईचे चौकड्यांचे पडदे, सगळं आहे. एक गोष्ट तेवढी जशी हवी तशी नाही, तिच्यापाशी मी हळूहळू येतो. एकदम यायचं माझ्याच्याने होत नाही.

ऑक्टोबरात निघताना तुम्ही माझ्या अंगणात उभं राहून काय सांगितलं होतंत, ते मला शब्दन् शब्द आठवतंय. "ओन्नी, हिला उघडीच ठेव. छपरावरचा बर्फ अधूनमधून ओढून काढ, बाकी काही करू नकोस. ताडपत्री तर अजिबात नको. सरोवरावरून वारा सुटला की ताडपत्री गप्प बसत नाही." मी म्हटलं, "हो दाजी." तेव्हा ताई मोटारीत बसली होती, हात मांडीवर दाबून धरलेला. काच खाली करून म्हणाली, "कशाला एवढं सांगताय त्याला? उन्हाळ्यात विकूनच टाकायची आहे. मला आता ब्रश धरवत नाही की कढई धरवत नाही, त्या गाडीत मी करू काय?" त्यावर आपण दोघे मिळून ट्रेलरची चाकं बघत राहिलो. तुमची मोटार वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मी मनाशी ठरवलं, की ही ट्रेलरगाडी मी अशी जपीन, अशी जपीन, की मे महिन्यात ताईने नुसतं दार बघितलं तरी विकायचं नाव काढायची नाही. तर दाजी, माझा हेतू हा होता. हेतू शेवटपर्यंत चांगलाच राहिला, त्याच्याकडून मला काही तक्रार नाही.

घोटाळा वाल्फ्रिडने केला. (शेजारी म्हणून तो तुम्हाला माहीतच आहे, शेजारी म्हणजे ज्याला आपल्या अंगणातलं आपल्याआधी दिसतं.) त्याने यंदा आपल्या ट्रेलरला बेतून शिवलेलं आच्छादन आणलं. कापड श्वास घेतं म्हणे, दाराशी चेन आहे, कोपरे कोटाच्या खांद्यासारखे बसतात. ते चढवून झाल्यावर तो कुंपणावर रेलला आणि म्हणाला, "बहिणीची गाडी तू अशीच उघडी टाकणार? अरे, आमच्या कुत्र्यालासुद्धा कोट आहे." सहकारी दुकानातल्या कॉफीच्या टेबलावर यावरून दोन तट पडले. झाकणारे म्हणत, बर्फाने सांधे उघडतात. न झाकणारे म्हणत, झाकलं की आत दमट होऊन बुरशी येते. मी तुमच्या बाजूने इतका भांडलो की कॉफी गार झाली. पण रोज सकाळी खिडकीतून बघावं, तर वाल्फ्रिडची गाडी कोट घालून उभी आणि तुमची उघड्यावर कुडकुडतेय. लोक चर्चला जाताना माझ्या अंगणासमोर चाल मंद करत. मला वाटायला लागलं, सगळे मनात म्हणतायत, एकुलत्या एका बहिणीची गाडी याच्याच्याने झाकवेना.

पहिला मोठा बर्फ पडला त्या दिवशी मी शिकारीच्या खोपटातली जुनी ताडपत्री काढली. तीच ती, जिला हरणाचा आणि सॉसेजचा वास येतो आणि जिच्या काठाला पितळी कड्या आहेत. चारी बाजूंनी घातली, दोर आवळले, गाठी मारल्या. (गाठी उत्तम होत्या. सर्व नुकसानीत गाठींचा दोष शून्य.) वाल्फ्रिड बघत होता. म्हणाला, "त्या कड्या आतल्या बाजूला गेल्यात." मी म्हटलं, "तू तुझ्या कुत्र्याचं बघ."

जानेवारीत वारा सुटला. ताडपत्री फडफडायची, एक कडी कुठेतरी ठाक ठाक वाजायची. मी पांघरुणात लेम्पीला म्हणायचो, "ऐक, कशी राखण करतेय." लेम्पी म्हणायची, "राखण कसली? कोणीतरी दार ठोकतंय, उघड म्हणून." तिचं ऐकायला हवं होतं. पण ज्याने दाजींचं ऐकलं नाही तो बायकोचं काय ऐकणार?

मग थोडी उघडीप झाली आणि त्याच दिवशी तुमचं पत्र आलं. पत्राच्या अगदी तळाशी तुम्ही लिहिलं होतंत, "दारावरची जोडी कशी आहे, ते कळव." म्हटलं, जाऊन बघू आणि छानसं काही लिहू. मी शीळ घालत गेलो, ताडपत्री वर केली आणि शीळ तिथेच थांबली.

दाजी, ती जोडी नाही. ताईने रंगवलेल्या दोन लून पाणपक्ष्यांपैकी एकच राहिलाय. उजवीकडचा. डावीकडच्याच्या जागी कडीने घासून घासून ताटाएवढा पत्रा लख्ख चकाकत होता. ट्रेलर घेतला त्या उन्हाळ्यात ताईने तळ्याकाठी बसून तो डावा लून काढला होता, आणि तेव्हापासून मी त्याला कोंबडी म्हणत आलोय. मान जरा आखूड झाली होती, एवढंच. "हेल्मी, तुझी कोंबडी छान पोहते हो," म्हणायचं, आणि तिने माझ्या पुढची ब्लूबेरी-पायची बशी उचलून न्यायची, हे वर्षानुवर्षं चाललं. आणि आता तीच कोंबडी गेली, आणि उरलेला लून मान वळवून कोणी नाही तिकडे बघतोय. मी ट्रेलरच्या पायरीवर बर्फातच बसलो. इतकी लाज मला लग्नात अंगठी हरवली तेव्हाही वाटली नव्हती. ताईला आता ब्रश धरता येत नाही, म्हणजे हा पक्षी पुन्हा निघणार नव्हता, आणि तो मी पुसला होता.

इथे थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी ठरवलं, आपणच काढू. होडीचा काळा रंग होता, पांढरा होता, डोळ्यासाठी लेम्पीची लाल नेलपॉलिश घेतली. बाहेरच्या थंडीत रंग डांबरासारखा झाला, पत्र्याला धरेना. मग मी तेच केलं जे आपल्या फिनिश लोकांपैकी कोणीही केलं असतं. सर्दी झाली, सौना. कंबर धरली, सौना. माझा तर जन्मही तिथलाच. मी बिजागऱ्यांचे स्क्रू काढले, दार ढकलगाडीवर घातलं, आणि शुक्रवारी सौनात नेऊन मंद आचेवर बाकामागे उभं केलं. तिथे उबेत बसून रंगवलं. दाजी, माझा हात दगडासारखा स्थिर होता, एकदाही थरथरला नाही. आणि त्या स्थिर हाताने जे निघालं तो बटाटा होता. लाल डोळ्याचा, गळ्यात हार घातलेला बटाटा. म्हटलं, वाळला की बरा दिसेल. वाळू दिला आणि लेम्पीला सांगायचं विसरलो.

शनिवार उजाडला. आपल्याकडच्या शनिवारच्या सौनाबद्दल, त्या वाफेच्या अंघोळीबद्दल, तुम्हाला सांगायला नको. लेम्पीने भट्टी चांगली फुलवली, आत जाऊन बसली आणि तापल्या दगडांवर डावभर पाणी टाकलं. वाफ भरली, अंधुक उजेडात बाकामागे काहीतरी ओलं चकाकायला लागलं. पुढचं मी अंगणातून पाहिलं. लेम्पी टॉवेलानिशी बर्फात धावत आली आणि ओरडली, "आत कोणीतरी आहे! रडतंय आणि माझ्याकडे बघतंय!" वाल्फ्रिड फावडं घेऊन कुंपणावरून मदतीला आला. (तो इतक्या चपळाईने चर्चलाही येत नाही.) त्याने आत डोकावून बघितलं, बाहेर आला आणि म्हणाला, "बटाटा आहे." तेव्हापासून लेम्पी माझ्याशी बोलत नाही, आणि गावात मला कोणी ओन्नी म्हणत नाही.

बटाटा वितळून खाली ओघळला. त्याचं मला दुःख नाही. पण दारही ओव्हनमधल्या पावासारखं फुगलं. पत्रा एकीकडे, आतली फळी दुसरीकडे. आता ते चौकटीत बसत नाही. ताईचा उजवीकडचा लून मात्र एवढ्या वाफेत जसाच्या तसा आहे, त्याला साधी भेगसुद्धा नाही. तिने कुठला रंग वापरला होता देव जाणे. तर सध्या ट्रेलरला दार नाही आणि दाराच्या जागी बर्फ आत जाऊ नये म्हणून एक गोष्ट टांगली आहे. कोणती, ते लिहायला हात धजत नाही. तिला हरणाचा वास येतो.

झाकावं की झाकू नये या वादात तुमचंच खरं होतं, हे मी कॉफीच्या टेबलावर सर्वांसमोर कबूल केलं. दाजी, तुमचा विश्वास मी पार धुळीला मिळवला. रागावलात तर तो तुमचा हक्कच आहे.

तुमचा नालायक मेव्हणा,
ओन्नी

ता. क. एक छोटीशी विनंती आहे. ताईला सांगाल का, की ताडपत्री घालायला तुम्हीच सांगितलं होतंत? तुमच्यावर ती दोन दिवस रागवेल आणि विसरेल. माझ्या बाबतीत तिला पाचवीतली मोडलेली स्केट अजून आठवते. आणि सहज बोलता बोलता लूनची मान कशी काढतात तेही विचारून ठेवा.

ता. क. दुसरा. वाचून झालं की पत्र शेगडीत टाका. आणि तिथे तिची पातळ कॉफी प्यावी लागत असेल, त्याबद्दल माझी सहानुभूती आहे.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फाडलं. पत्ता लिहून द्यायला लेम्पी आली. तिने तुमचं फेब्रुवारीतलं पत्र पाहिलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलली. म्हणाली, "अरे बटाट्या, हे ताउनो दाजींचं अक्षर आहे होय? नवा चष्मा येईपर्यंत त्यांना एक ओळ दिसत नाही. लिहिते हेल्मी, आणि आलेलं पत्र मोठ्याने वाचून दाखवतेही हेल्मीच." मी माझं हे पत्र फाडायला घेतलं, तिने हातातून ओढून घेतलं आणि म्हणाली, "आहे तस्सं जाऊ दे."

तर ताई, नमस्कार. कॉफीबद्दल जे लिहिलं ते दाजींना बरं वाटावं म्हणून होतं. बाकी सगळं खरं आहे, आणि मला फार लाज वाटते. दारावरची जोडी कशी आहे, हे तूच विचारलं होतंस ना? आणि तीन पानं लिहिलीस. ओळी वर जातात म्हणून मी हसलो, पण ताई, लूनची मानही वरच जाते. जो हात तीन पानं लिहितो त्याला एवढीशी मान जड नाही. कापला तर कापू दे. माझा न कापणारा हात काय काढतो ते सगळ्या गावाने पाहिलंय. नवं दार मी करतोय, जुन्यातला तुझा लून पत्र्यासकट कापून त्यात बसवतो आणि डावी बाजू कोरी ठेवतो. मे महिन्यात ये. विकायचं म्हणू नकोस. कोंबडी काढलीस तरी मी तिला शेवटपर्यंत लून म्हणेन.

कुठलंही पत्र आधी मनात वाचायचं आणि मग मोठ्याने, ही तुझी लहानपणापासूनची सवय, तिच्यावरच आता माझी भिस्त आहे. दाजींना मधली पानं वाचू नकोस. त्यांना फक्त सांग, ओन्नीने तुमचं ऐकलं, ट्रेलर अगदी उघडा ठेवलाय.