दोनदा तुम्ही, एकदा मी

बाई,

परवा मी पुन्हा त्या घाटात सायकल घेऊन गेले होते. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता वयाने मीच तुमच्यापेक्षा मोठी आहे, तरी वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तशीच लिहिते आहे. भूगोलाच्या पेपरात मी एकदा ‘डोंगर रडतो’ असं लिहिलं होतं. तुम्ही ते लाल शाईने खोडलंत आणि सगळ्या मुलींसमोर म्हणालात, “डोंगर रडत नाही. पाणी झिरपतं. दिसलं तेवढं लिही, ऐकलं तेवढं लिही.” पुढे मी साहित्य शिकले, जन्मभर तेच शिकवलं, पण त्या दोन वाक्यांच्या फार पुढे गेले असं वाटत नाही. म्हणून आजही दिसलं तेवढं आणि ऐकलं तेवढंच.

आधी दिसतं ते तुमचं ठाकूरद्वारचं स्वयंपाकघर. मी तुमच्याच शाळेत नुकती शिक्षिका म्हणून लागले आहे आणि मधल्या सुट्टीत तुमच्याकडे जेवायला येते. जेवणारी माणसं तीन: तुमची आई, तुम्ही, मी. ताटं चार. चौथं तुमच्या धाकट्या भावाचं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चाच्या दिवशी तो निरोप पोचवायला सायकलवरून फोर्टात गेला. तिथे गोळीबार झाला. संध्याकाळी त्याची सायकल एका भिंतीला नीट टेकवून ठेवलेली सापडली, तो सापडला नाही. इस्पितळांत नाव नाही, पोलिसांकडे नाव नाही. “वाढून ठेवलेलं बरं,” तुमची आई म्हणते, “भुकेला आला तर?” जेवण संपत आलं की त्या ताटातला गार भात तुम्ही आपल्या ताटात ओढून घेता. आई बघते आणि बघितलं नाही असं करते.

मग कोणीतरी सांगत आलं की घाटावरच्या एका गावात तसा मुलगा पाहिला. सायकली दुरुस्त करतो, कोणाशी बोलत नाही. ते गाव तुमच्या ओळखीचं होतं. कसाऱ्याच्या बाजूचा, मोटारींनी केव्हाच सोडून दिलेला जुना घाट तुम्ही दोघं बहीणभाऊ दर दिवाळीच्या सुट्टीत सायकलने चढत असा आणि त्याच गावात मुक्काम करत असा. “येशील माझ्याबरोबर?” तुम्ही मला विचारलंत. “त्या वळणांवर मागे कोणी तरी लागतं.” आणि तुमची पद्धत सांगितलीत. पुढच्याने आंधळ्या वळणावर घंटी दोनदा वाजवायची: मी वळले. मागच्याने एकदा: मी आहे. उत्तर आलं नाही तर पुढच्याने तिथेच उतरून थांबायचं. मला त्याचीच सायकल दिलीत. सीट खाली घेताना तुम्हाला पान्हा नीट धरता येत नव्हता. मी घ्यायला गेले तर दिला नाहीत.

लालबागला आमच्या चाळीत माझी पाटलोण बघायला अर्धा मजला गॅलरीत आला. पाटलोण माझ्या भावाची होती आणि कमरेला नाडीने आवळलेली होती.

“काय गो, खंय चललंस? लढाईक?” शेजारची काकी म्हणाली.

“सायकलीन घाटार चलला,” आई म्हणाली. “मास्तरीण झाला ना आता. आमचा कोण आयकता?”

काकी हसत आत गेली आणि आईने मला दाराआड ओढलं. “ह्या बघ. रानात कोणी हाक मारल्यान तर पयल्या हाकेक ओ देव नको. माणूस असला तर परत मारतला.”

ही गोष्ट मी तुम्हाला सांगितली तेव्हा तुम्ही हसलात. बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा. म्हणालात, “घंटी म्हणजे हाक नव्हे गं.”

आपण हरताळाच्या दिवशी निघालो. गाड्या बंद असतात तेव्हा सायकलवाल्याला शहर मिळतं, असं तुमचा भाऊ म्हणत असे. भायखळ्यापासून परळपर्यंत ट्रामचे रूळ मोकळे पडले होते आणि आपल्या चाकांखाली दगड, काचा, जळलेल्या टायरची राख. गिरण्यांचे भोंगे वाजले नव्हते. दादरच्या अलीकडे पोरांनी बाकडी टाकून रस्ता अडवला होता. “गाडी सोडायची नाय!” एक ओरडला. दुसरा म्हणाला, “गाडी कसली रे, सायकल हाय. बाई हायत. जाऊ दे.” मग माझ्याकडे बघून, “आणि हा भाऊ कोण?” “भाऊ नाही,” मी म्हणाले आणि ते सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मी सायकलकडे बघितलं. तो शब्द मी उच्चारायला नको होता असं तेव्हा वाटलं, अजूनही वाटतं.

वाटेत एका शाळेच्या ओसरीवर मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी घाटाला लागलो. पावसाळा संपून गेला होता, पण घळीत धुकं साचलेलं होतं. एका हाताला काळा कडा, त्यातून झिरपणारं पाणी. दुसऱ्या हाताला दरी. रस्त्याला कठडा नव्हता, कारवीची झुडपं संपली की थेट पोकळी. खडीवर गवत आलेलं. पक्षी नव्हते. मोटारींशिवायचा रस्ता शांत असेल अशी माझी कल्पना होती. तो शांत नव्हता. आपल्या साखळ्यांचा आवाज कड्यावर आपटून थोड्या उशिराने परत येत होता, म्हणजे कोणीतरी थोडं मागून येतं आहे असा.

पहिल्या वळणावर तुम्ही धुक्यात गेलात आणि दोनदा घंटी आली. मी कळ दाबली. एकदा वाजली आणि घंटीची वाटी निखळून माझ्या पायाशी पडली. तिच्या स्क्रूचा आटा झिजला होता. मी उतरले, ती उचलली, बसवून पाहिली, बसेना. ती मुठीत धरून मी सायकल हातात घेऊन चालू लागले. पुढच्या वळणावर तुम्ही उत्तरासाठी थांबाल, तिथे गाठू, असा माझा हिशेब.

पुढून तुमच्या दोन घंट्या आल्या. मी ओरडायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात एक घंटी वाजली. एकच. हलकी, कळ पुरती न दाबल्यासारखी. प्रतिध्वनी दिलेलं तेवढंच परत देतो, हे तुम्हीच शिकवलेलं, आणि दिलेल्या दोन होत्या. ही एक दरीच्या बाजूने आली होती, माझ्या कोपराच्या उंचीवरून, सायकलची मूठ असते तिथून. त्या बाजूला रस्ता नव्हता. मी वाटी इतकी घट्ट धरली की तिची कड तळहातात रुतली. मी ओरडले नाही. पुढच्या वळणावर पुन्हा तुमच्या दोन, पुन्हा ती एक. तुम्ही थांबत नव्हता. थांबायचं कारणच नव्हतं, तुम्हाला उत्तर मिळत होतं.

चढ संपला तिथल्या सपाटीवर तुम्ही माझी वाट बघत उभ्या होतात. चेहरा उजळलेला. “चांगली वाजवायला लागलीस,” म्हणालात. “अगदी त्याच्यासारखी.”

मी मूठ उघडली. वाटीकडे तुम्ही बराच वेळ पाहिलंत.

“कधीपासून?”

“पहिल्या वळणापासून.”

“आणि तू ऐकलीस?”

“ऐकली.”

“कुठून?”

मी दरीकडे हात केला. तुम्ही रस्त्याच्या कडेपर्यंत गेलात. खाली धुकं होतं, ढवळल्यासारखं हलत होतं. तुम्ही तुमच्या सायकलशी परत आलात, घंटी दोनदा वाजवलीत. उत्तर आलं. आता जरा दुरून.

“पुरे रे,” तुम्ही म्हणालात. माझ्याशी बोलताना तुम्ही कधी रे म्हटलं नव्हतं.

वरचं गाव तिथून जवळ होतं. झाडांवरून त्याचा धूर दिसत होता. मी म्हणाले, “बाई, आलोच आहोत तर बघून येऊ. तो मुलगा...” “तो दुसऱ्या कुणाचा तरी मुलगा आहे,” तुम्ही म्हणालात आणि सायकल उताराकडे वळवलीत. उतरताना एकाही वळणावर तुम्ही घंटी वाजवली नाहीत. मी मागे होते. मान वळवून बघायची इच्छा मी कशी दाबली ते आता आठवत नाही, मानेचं दुखणं तेवढं आठवतं.

ठाकूरद्वारला तुमच्या आईने चार ताटं घेतली होती. तुम्ही चौथं उचललंत.

“आई, हे आता नको.”

“भेटला?”

“भेटला.”

म्हातारीने विचारलं, “वाळलाय का गं?”

“दिसला नाही,” तुम्ही म्हणालात. “आवाज बरा होता.”

तिने तुमच्या हातातून ताट घेतलं, कोरडंच होतं तरी पदराने पुसलं आणि फडताळात उभं करून ठेवलं. त्या दिवशी तुम्ही दोघी जेवलात. निघताना तुम्ही म्हणालात, “सायकल घेऊन जा. तुझीच.” घंटीला नवा आटा पाडून घेतला होतात.

त्यानंतर तुम्ही घाटात कधी गेला नाहीत. मी जात राहिले, इतर घाट, इतर रानं, पण तो सोडून. परवा मात्र गेले. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांची मुलं हल्ली सायकलने भटकतात, त्यांना वाट दाखवायला कोणी हवं होतं. पायथ्याशी त्यांतली एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमच्या घंटीला वाटीच नाहीये.” “आहे,” मी म्हणाले, “खिशात आहे.” तिला ती म्हातारीची गंमत वाटली. ती सगळी पुढे निघून गेली. त्यांच्या नव्या सायकलींना घंट्या नसतात, ती तोंडाने ओरडतात. वेळ दुपारची, धुकं अजिबात नाही, दरी तळापर्यंत स्वच्छ. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे मी दम खायला थांबले आणि पुढून घंटी वाजली. दोनदा.

तुम्ही कळ पुरती दाबत असा. भरीव आवाज. तो मी चाळीस मुलींच्या गलक्यातही ओळखला असता.

हे पत्र टाकायचं कुठे हा प्रश्न नाही, ते सायकलच्या पिशवीत पान्ह्याशेजारी राहील. एकच सांगायचं राहिलं. परवा वाटी वाटेत निखळली नव्हती. मी ती घरूनच काढून नेली होती. उत्तर येणार नाही याची मला भीती नव्हती. भीती होती ती मीच उत्तर देईन याची, कारण यावेळी पाळी माझी होती. आईचं ऐकून पहिल्या हाकेला गप्प राहायचं असं मी ठरवलं होतं, पण अंगठ्याला इतक्या वर्षांची सवय. तो कळेवर गेला. वाटी नव्हती म्हणून नुसतं खट झालं.

ते उत्तर धरू नका, बाई. अजून नको.