डोळ्यात भरलेली हवा

॥ श्री ॥
बोरिवली, १२ नोव्हेंबर २०२५

चि. लवू यास,
सुगंधाताईचे अ. उ. आशीर्वाद. वि. वि. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. अनुपमा रोज घाटकोपरला ऑफिसात जाते, तीच तुझ्या चष्म्याच्या दुकानात देईल. माझी लेक पोस्टमन झाली.

डोळ्याचा पडदा चिकटवून आज सहा दिवस झाले. आत हवा भरलीय, ती पडद्याला दाबून धरते म्हणे. त्यासाठी दिवसभर पालथं पडायचं, चहासुद्धा मान खाली घालून. नव्या नवरीने घातली नसेल एवढी मान मी खाली घातलीय.

पण लवू, त्या डोळ्याने काहीच दिसत नाही रे. नुसता दुधाळ उजेड. डॉक्टर म्हणतात हवा आहे तोवर असंच. मला वाटतं, समजूत काढतायत. दुसरा डोळा लहानपणापासून अधू, तुला माहीतच आहे. हा गेला तर शिलाई गेली, आणि मी गेले. अनुपमासमोर रडता येत नाही. जमिनीवर वही ठेवून ही ढोबळ अक्षरं काढतेय. तूही मोठी अक्षरं काढ, म्हणजे माझं मला वाचता येईल.

सौ. जयंतीला आशीर्वाद. माया आहे तशी ठेव.
तुझी ताई

॥ श्री ॥
घाटकोपर, १३ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
लवूचा शि. सा. नमस्कार. जाड मार्करने लिहितोय.

फोन उचलायला तोंड नव्हतं. दिवाळीआधी तू दुकानात आलीस, काळे ठिपके उडतात, वीज चमकते, दाराची चौकट वाकडी दिसते म्हणालीस. आपली माणसं डॉक्टरच्या आधी चष्मेवाल्याकडे येतात, आणि मी बत्तीस वर्षं काचांत घालवलेला शहाणा. वाकडं दिसतं म्हणजे काचेचाच दोष, असं म्हणून दोनदा काच बदलली. त्यात अकरा दिवस गेले. तेवढ्यात पडदा सुटत गेला. वाट लावली मी तुझी.

आता ऐक. उजेड हवेत पळतो, पाण्यात, काचेत मंदावतो. तिरका शिरला की एक कड आधी मंदावते, दुसरी अजून पळत असते, म्हणून तो वळतो. आपल्या मनोरीच्या किनाऱ्यावर हातगाडीचं एक चाक आधी वाळूत रुतलं की गाडी तिकडेच वळते ना, तसं. डोळ्यातल्या भिंगाच्या मागेपुढे एरवी पाण्यासारखंच असतं. फरक थोडा, म्हणून उजेड बेताने वळून नेमका पडद्यावर जुळतो. तुझ्या भिंगामागे आता हवा आहे. फरक मोठा, म्हणून उजेड फारच वळतो आणि पडद्याच्या खूप अलीकडे जुळतो. म्हणून धुरकट. डॉक्टर खोटं बोलत नाहीत.

पण मग अगदी जवळचं दिसायला हवं. दुसरा डोळा झाक आणि बोट त्या डोळ्यापासून दोन बोटांवर धर. टेकवू नकोस, आणि मान खालीच ठेव. तुमच्या डॉक्टरांना विचारलंय, चालेल म्हणाले. बोटावरच्या रेषा दिसल्या तर पडदा काम करतोय. नाही दिसल्या तरी कळव.

ओरड, पण तोडू नकोस.
लवू

॥ श्री ॥
बोरिवली, १५ नोव्हेंबर

चि. लवू यास,
आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र आलं तरी बोट धरायचा धीर दीड दिवस होईना. न बघता निदान आशा तरी होती. आज सकाळी अनुपमा अंघोळीला गेली तेव्हा धरलं. आधी नुसता तांबूस ढग. आणखी जवळ नेलं आणि रेषा दिसल्या. एकेक, बारीक, सुई टोचल्याची खूणसुद्धा. जमिनीवर टिपं पडली, पुसायला वाकावं लागलं नाही.

मधे थोड्या नागमोडी दिसतात. दुपारी डॉक्टरांना सांगितलं. दृष्टी बरीच येईल, पण तेवढं वाकडेपण कदाचित राहील म्हणाले. लवकर आला असतात तर राहिलं नसतं. इतके दिवस होतात कुठे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझ्या भावाकडे. खोटं बोलवेना. तुझ्यावर रागावलेय मी, हे तुला माझ्याकडूनच कळू दे.

तरी फोन उचल. आणि एक कर. उद्या कोणी काळे ठिपके, वीज, असं सांगत आलं, तर काचेला हात लावू नकोस. शटर ओढ, त्या माणसाला रिक्षात घाल आणि डॉक्टरपुढे नेऊन बसव. असं एका माणसाला नेलंस की मग घरी ये, तुझ्यासाठी सोलकढी करीन.

राग आहे, पण लोभ त्याहून मोठा आहे.
तुझी ताई